ओट्यावरचा लिंबाचा डाग

कडेगावच्या घरी सिंकखालच्या कपाटाची फळी फुगली होती, आतला पिठाचा डबा बाहेर आला होता. प्लंबर बघून म्हणाला, सिंक काढावं लागेल आणि त्यासाठी ओटा फोडावा लागेल. आईने त्याला चहा दिला, पुन्हा बोलावलं नाही. तो ओटा वडिलांनी सैन्यातून सुटीवर आले असताना स्वतः बसवला होता. वडील आता नाहीत.

पाणी सिंक आणि दगड यांच्यामधल्या फटीतून झिरपत होतं. त्या फटीत तीनदा पांढरं सिमेंट भरलं, तीनदा तडकलं. उकळतं पाणी ओतलं की स्टील किंचित प्रसरण पावतं, सिमेंट जागचं हलत नाही. रबरासारखं ताणणारं सिलिकॉन हवं, इथवर माझं मला समजलं.

मलकापूरच्या हार्डवेअर दुकानात सिलिकॉनच्या दोन नळ्या समोर आल्या. एकीला व्हिनेगरचा उग्र वास, दुसरीला जवळजवळ नाहीच.

"ओटा कशाचा हाय?" दुकानदाराने विचारलं.

"काळा दगड."

"काळा ग्रॅनाइटबी असतोय आन कडाप्पाबी. कडाप्पा म्हंजी चुन्याचा दगड, त्याला आंबट सोसत न्हाई; त्यो आसंल तर ही आंबट वासाची चालायची न्हाई. कडंनं पांढरा पट्टा उठंल."

ज्या ओट्यासमोर लहानाचा मोठा झालो, तो कशाचा हे मला सांगता येईना. आईला फोन लावला. लिंबाचा रस सांडला तर ओट्यावर डाग पडतो का?

"आता इचारतोयस व्हय रं? चौथीत असताना तितंच लिंबू चिरलंस. त्यो डाग अजून हाय. तुझ्या बापानं दोन दिस घासला."

दुकानदाराला सगळं ऐकू गेलं होतं. "कडाप्पा," म्हणत त्याने आंबट नळी मागे ठेवली.

घरी जुनं सिमेंट खरवडलं, फट कोरडी केली, बिनवासाचं सिलिकॉन भरलं. एक दिवस सिंक बंद. आईने भांडी अंगणातल्या नळावर घासली. "पावनी झाल्यागत वाटतंय माज्याच घरात," ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी कपाटात वर्तमानपत्र अंथरलं. आईने सिंकमध्ये उकळतं पाणी ओतलं, मग कडेने तांब्याभर गार. अर्ध्या तासाने कागद चाचपला. कोरडा होता.

"ऱ्हाऊ दे तसाच. चार दिस बघू," आई म्हणाली.

पाचव्या दिवशी तिनेच कागद काढला आणि पिठाचा डबा आत सरकवला.