ठरावातला जलचर

आमच्या खाडीच्या तोंडाशी एक निळा फलक उभा आहे. 'या क्षेत्रात कोणत्याही जलचराची पकड, काढणी अथवा वेचणी करण्यास सक्त मनाई आहे.' खाली बारीक अक्षरांत, 'ग्रामस्थांच्या ठरावानुसार.' हे वाक्य ग्रामस्थांचं नाही, माझं आहे. गावाने ठरवलं होतं ते लिहिताना मी बदललं, आणि तेही कुणाच्या भल्याबुऱ्यासाठी नव्हे, भाषा चांगली दिसावी म्हणून. त्यात माझ्या शेजारच्या काकीचा धंदा बुडाला. दोन वर्षं मी हे कुणालाच सांगितलं नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. वडील रापणीवर होते. रापण म्हणजे वीस-पंचवीस माणसांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मी शिकलो आणि पाण्यापासून सुटलो. गावाला माझा उपयोग एवढाच, की कचेरीत द्यायचा कागद माझ्याकडून लिहून घ्यायचा. लोक मालवणीत सांगतात, मी मराठीत उतरवतो.

खाडीच्या तोंडाशी एक खोल कोंड आहे. मासे तिथे अंडी घालायला येतात. बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची जाळी लावून आमचे आणि बाहेरचे लोक बोटाएवढी पिल्लंसुद्धा उपसायला लागले आणि रापण रिकामी येऊ लागली. तेव्हा सगळा गाव देवळात जमला. मानकऱ्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आजपासून ह्या कोंडीत कोणी जाळा टाकूचा नाय. टाकल्यान तर तूच बघून घी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. बायकांच्या बाजूचा आवाज मोठा होता. काकी त्यांच्यात पुढे होती.

शब्द 'जाळं' होता. काकी आणि तिच्या बरोबरच्या पाच-सहा बायका जाळं वापरतच नाहीत. पाणी उतरलं की त्या कोंडीच्या कडेच्या चिखलात कमरेपर्यंत शिरतात, पायाने चाचपतात आणि हाताने तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. लहान लागली तर तिथेच सोडून देतात. आमच्याकडे त्याला मासेमारी कुणी म्हणत नाही. काका गेल्यापासून काकीचं घर त्या चिखलावर चाललं होतं. आमच्याही घरी दर आठवड्याला पानाने झाकलेलं एक भांडं कुंपणावरून यायचं.

बंदी सरकारी व्हायची तर मत्स्य खात्याच्या कचेरीला ठराव लेखी हवा होता. मी लिहायला बसलो. 'कोणी जाळं टाकू नये' असं लिहिलं आणि ते मला पाचवीतल्या मुलाच्या वहीतलं वाक्य वाटलं. खोडलं. मग 'जलचर' सुचला. 'पकड, काढणी अथवा वेचणी' लिहिताना तर मला लय सापडल्याचा आनंद झाला होता. त्या घटकेला काकी मनात आली नाही, हे खरं आहे. पण मी तिथलाच, त्या चिखलाच्या काठावर वाढलेला. ती मनात यायलाच हवी होती. सभेत ठराव मी भरभर वाचला आणि लोकांनी विश्वासाने सह्या केल्या. काकीने अंगठा न उठवता मुद्दाम सही केली. माझ्याच बायकोने तिला शिकवली होती. कचेरीतले साहेब कागद वाचून म्हणाले, "सर, ठराव असावा तर असा!" घरी येऊन मी हे दोनदा सांगितलं.

फलक लागला, रखवालदार आला. पहिल्याच दिवशी त्याने काकीची टोपली पाण्यात रिकामी केली. ती ओल्या लुगड्यानेच माझ्या अंगणात आली.

"मास्तरा, जलचर म्हणजे रे काय?"

"पाण्यात राहणारा जीव, काकी."

"मगे आमी पण जलचरच! अर्धो दीस पाण्यात आसतव. आमका पण पकडू नको म्हणान सांग त्येका." ती हसली, मग पदराने तोंड पुसलं. "आमी जाळा नको म्हटलाव. ह्या मदीच खंयसून इला? हापिसातल्या कोणाक तरी आमचा बरा बघवूक नाय."

मी म्हणालो, "बघतो मी काकी, अर्ज करू."

तिला वाटलं मी मदत करतोय. मी माझाच शब्द परत घ्यायला चाललो होतो.

अर्ज केले. साहेब बदलले होते. नवे साहेब शांतपणे म्हणाले, "ठराव तुमच्याच गावाचा आहे. दुरुस्तीला नवा ठराव आणा, मग समिती, मग वर." मी नवा ठराव मांडला, तर बैठकीत पुरुष मंडळी कुरकुरली. कोंडीत मासे परत आले होते आणि रापण भरू लागली होती. "आता कित्याक ढवळतास, मास्तरानु? एक शबुद काढूक गेलास तर सगळीच बंदी जायत," एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, "बायकांनी वायच कळ काढूची." त्यांचंही खोटं नव्हतं. मासे आले होते ते मला दिसत होते. "शब्द माझा आहे" एवढं तिथे म्हटलं असतं, तर कदाचित काही हललं असतं. ठराव पुढच्या बैठकीवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या.

बायकांना पर्यायी रोजगार म्हणून शिंपल्यांच्या माळा करायचं शिक्षण मिळालं. शिंपले पोत्यांतून बाहेरून आले. काकी चार दिवस गेली आणि प्रमाणपत्र घेऊन आली. "शिंपीक भोक पाडूचा," ती म्हणाली, "आतली तिसरी कोणी खाल्ल्यान ता विचारूचा नाय." माळा कुणी घेतल्या नाहीत. मग ती किनाऱ्यावरच्या एका होमस्टेमध्ये भांडी घासायला जाऊ लागली. कुंपणावरून येणारं भांडं बंद झालं.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या निरोपाचं जेवण त्याच होमस्टेत होतं. ताटात तिसऱ्यांचं सुकं आलं. हात धुवायला मागे गेलो, तर काकी दगडावर बसून विळीवर तिसऱ्या फोडत होती. बाजूला बर्फाचा खोका होता.

"तू रे हय? खा पोटभर. आमच्या खाडयेतल्यो न्हय. कारवारसून गाडयेन येतत." तिने एक उघडून मला दाखवली. "बघ, केदी बारीक. आमी असली सोडून देय होतव."

तिच्या बोटांना बर्फाने सुरकुत्या पडल्या होत्या. आतून कुणीतरी मला हाक मारली. मी गेलो नाही.

"काकी, त्या ठरावाच्या बाबतीत माझ्याकडून अनवधानाने..."

"काय झाला? बरा वाटणा नाय?" तिने विळीवरून हात काढला.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"काकी, तो जलचर हापिसातल्यांनी लिवल्यानी नाय. मी लिवलंय. देवळात तुमी जाळा म्हटलास, माका ता हलका वाटला, म्हणान मी बदललंय. तू अंगणात येवन इचारलंस, तेवाय मी गप रवलंय. तुझी खाडी माझ्यामुळे गेली, आणि ती परत हाडूक माका जमणा नाय. चुकलंय मी, काकी. माका माफ कर."