रिकाम्या रुळावरची सात पत्रे

वाळलेल्या झेंडूचा आणि छपाईच्या शाईचा मिसळलेला वास मला आयुष्यात एकदाच आला. तेवढ्या वासावर ती सारी घटना अजून माझ्याजवळ जागी आहे. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीचा कार्यभार माझ्याकडे होता आणि दसरा होऊन दोनेक आठवडे लोटले होते.

वारणानगरजवळच्या गावातली एक तरुणी तक्रार घेऊन आली. परिचारिका भरतीच्या मुलाखती परवावर आल्या होत्या. इतर गावांतल्या मुलींना पत्रे पोहोचली होती, मात्र तिच्या बौद्धवाडीतल्या सातजणींना एकही नाही.

"यादीत नावं हाईत, पत्र न्हाय. आमचीच कशी गळाली, बाईसाहेब?" तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो अधिक लागला.

आमच्या हद्दीतल्या भरती कार्यालयातल्या लिपिकाने जावक वहीत सातही नावांपुढे 'रवाना' लिहिले होते. त्यातच खबर आली, की हा माणूस रोज पिशवीतून कागद घरी नेतो. आम्ही पंचांसमक्ष पिशवी उघडली. आत निघाल्या भोके पाडलेल्या कागदी पट्ट्या.

"छपाईच्या कागदाच्या कडेच्या पट्ट्या हाईत, मॅडम. फाडून टाकायच्याच असत्यात. लेक माळा करती त्याच्या."

"माळ घावली," हवालदार पुटपुटले, "आता गळा कुणाचा?"

मी विचारले, "मग पत्रे कुठे गेली?"

"छापली की! पडद्यावर 'काम पूर्ण' आलं, तवाच वहीत लिवलं."

"मोजली होती?"

खोटे बोलणारा अशा वेळी वहीकडे बोट दाखवतो. हा स्वतःच्या बोटांकडे पाहत होता.

मी छपाईयंत्र पाहायला मागितले. कर्कश आवाजामुळे ते मागच्या खोलीत ठेवले होते. लिपिक पुढे पडद्यासमोर बसे. निघालेले कागद शिपाई पाकिटांत भरी. यंत्राच्या झाकणावर खंडेनवमीच्या पूजेचे हळदकुंकू होते. झाकण उचलताच तो वास आला. आमच्या ठाण्यातही त्या दिवशी बंदुकांना फुले वाहतात. पण दुसऱ्या सकाळी प्रत्येक नळी तपासल्याशिवाय शस्त्र हाती घ्यायचे नाही, हा दंडक. इथे फुले कुणीच काढली नव्हती. झेंडूचा एक देठ आत घसरून, कागद संपल्याची खूण देणाऱ्या इवल्या दांडीखाली रुतला होता. ज्यावर कागद टेकून अक्षरे उमटतात, त्या मागच्या काळ्या रुळावरून मी बोट फिरवले. बोट शाईने माखले.

"आता कागद न घालता तीच सात पत्रे छापा," मी म्हणाले.

यंत्र करकरू लागले. रिकाम्या रुळावर ओळीमागून ओळ आदळत राहिली. पडद्यावर उमटले, 'काम पूर्ण'.

लिपिकाने आत येऊन रुळावर बोट टेकवले. "म्हंजे मी नुसता आवाजच ऐकत बसलतो?"

यादी गावांनुसार होती आणि सातजणींचे गाव सर्वांत शेवटी. त्यांच्या आधीच कागद संपला होता, पण दांडी अडकल्यामुळे यंत्र थांबले नव्हते. दुसऱ्या सकाळी शिपायाने नवा गठ्ठा लावला आणि काही पत्रे उरली आहेत हे त्याला कळलेच नाही.

दांडी मोकळी करून पत्रे पुन्हा छापली. लिपिक स्वतः आमच्या जीपमध्ये बसला. वाडीत गाडी थांबताच एक आई कडाडली, "आता काय केलंय आमच्या पोरीनं?" त्याने पत्र पुढे केले, हात जोडले आणि झेंडूच्या देठाची हकिकत सांगितली. तक्रारदार तरुणीने ते दोनदा वाचले, मग म्हणाली, "पुढल्या खंडेनवमीला फुलं जपून घाला, पावणं." सातहीजणी वेळेवर मुलाखतीला पोहोचल्या.

त्या दिवशी लिपिकाच्या अटकेचे कागद माझ्या टेबलावर तयार होते. एका खबरीवर मीही काम पूर्ण समजू लागले होते. माणसावर शिक्का उठवण्याआधी झाकण उचलून पाहावे, एवढे मी त्यानंतर पाळले.

निवृत्तीच्या आधी त्या कार्यालयात पुन्हा जाणे झाले. यंत्र नवे होते, जवळजवळ निःशब्द. पडद्यावर काम पूर्ण झाले होते, पण केस पिकलेला तो लिपिक तिकडे पाहत नव्हता. ओल्या अंगठ्याने तो एकेक पत्र उलटत होता.

"झाले का?" मी विचारले.

शेवटचा कागद खाली ठेवून त्याने वर पाहिले.

"मोजली."