गौरीच्या कपाळावरची कुरळी बट

रोह्याच्या अपेक्षाने आपल्या मुलीशी पैज लावली, आणि तीही स्वतःच्या केसांवर. पैजेला लावायला माणसाकडे निदान भरवशाची वस्तू असावी. अपेक्षाचे केस त्या वेळी असे होते की नारळाचं सोडण त्यांच्यापेक्षा मऊ लागलं असतं.

जन्माने हे केस चांगले कुरळे होते. लहानपणी आई त्यांवर तेल थापून दोन घट्ट वेण्या घालायची, आणि शाळा सुटेपर्यंत त्या वेण्या फुगून दुप्पट व्हायच्या. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नात सगळ्या बायकांनी केस सरळ केले, तेव्हा अपेक्षानेही केले. आरशात पाहून ती इतकी खूश झाली की त्यानंतर मुळाशी कुरळं काही उगवलं की त्यावर गरम स्ट्रेटनर फिरवायचा हा नेमच झाला. केस तरी किती सोसतील? कंगव्यात तुटून यायला लागले.

अपेक्षाची नोकरी पेणला, महादेवकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. तिचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. बारा वर्षं ती हे काम करत होती. तिने कुंचला उचलला की कारखान्यातला रेडिओसुद्धा काका बंद करायला लावत.

तर ती पैज. आषाढातल्या एका संध्याकाळी तिची निशिगंधा, इयत्ता तिसरी, शाळेतून आली आणि दप्तर कोपऱ्यात भिरकावून म्हणाली, "आई, मला केस सरळ करायचेत."

पोरीचे केस म्हणजे आईच्या जुन्या केसांची नक्कल. अपेक्षाने विचारलं, "का गो?"

"शाळेत गौरीचा नाच हाय. गाणं मला सगळ्यात चांगलं येतं. मला मधली गौर व्हायचंय. पण बाई म्हणल्या, गौरीचे केस असे पिंजारलेले नसतात. मला मागं फेरात उभं केलंय."

हे सांगताना ती रडली नाही. रडली असती तर अपेक्षाला बरं वाटलं असतं. तिने पदर खोचला आणि उद्याच शाळेत जाऊन बाईंना चार शब्द सुनवायचं ठरवलं. तेवढ्यात निशिगंधाने अगदी साधेपणाने विचारलं, "तू पण केलेस ना सरळ?"

खोचलेला पदर सुटला. तो पुन्हा खोचत तिने पैज लावली. कोंडीत सापडलं की माणसं काहीही बोलून बसतात.

"गौरी येईस्तो मी माझे केस होते तसे कुरळे आणि मऊ करून दाखवते. जमलं तर तू तुझ्या केसांना हात लावायचा नाय. नाय जमलं तर मी स्वतः तुला पार्लरात नेते."

"जमलं का नाय ते कोण ठरवणार?"

"तूच."

निशिगंधाने टाळीसाठी हात पुढे केला. न्यायाधीश आणि फिर्यादी एकच असल्यावर तिला कसली भीती?

दुसऱ्या दिवसापासून अपेक्षाने मोबाइलवर जी जी बाई जे जे सांगेल ते विकत आणायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत न्हाणीघरात सात डबे-बाटल्या उभ्या राहिल्या. नवरा हर्षद कंपनीतून रात्रपाळी करून आला की आंघोळीआधी त्याला साबण शोधावा लागे. "अपेक्षा, तू केस धुतेस का केसांना जेवण वाढतेस?" तो आतून ओरडायचा.

ती सातही गोष्टी एकाच वेळी थापायची, अर्धवट धुवायची, टॉवेलने खसाखसा पुसायची आणि गाडी पकडायची. कारखान्यात पोहोचेपर्यंत केस ओलेच. पावसाळ्यात रंग वाळत नाही म्हणून काकांनी तिथे मोठे हॅलोजनचे दिवे लावले होते. रंगवलेल्या गणपतींच्या शेजारी अपेक्षा मान खाली घालून बसायची आणि दहा मिनिटांत केस कोरडे करून उठायची. उठायची तेव्हा डोक्यावर केरसुणी असायची. मग तिने एक डबा कारखान्यातच आणून ठेवला, दुपारी पुन्हा थापायला.

तो डबा केरूच्या हाती लागला. केरू साच्यातून मूर्ती काढणारा, पन्नाशीचा, कामाला वाघ आणि विचारायला आळशी. साच्याला शाडूची माती चिकटू नये म्हणून आतून तेलाचा हात फिरवावा लागतो. त्याला वाटलं, काकांनी त्यासाठीच हे नवं मलम आणलंय, वासही छान आहे. त्याने साच्याला आतून सढळ हाताने ते फासलं. मूर्ती अशी अलगद सुटली की केरू स्वतःच चकित झाला. सोंडेवर एक ओरखडा नाही! ह्या आनंदात त्याचं भान सुटलं. काकांना लवकर दाखवावी म्हणून त्याने ती ओली मूर्ती थेट हॅलोजनपुढे ठेवली. तासाभरात खांद्यापासून कोपरापर्यंत तडा गेला.

महादेवकाकांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. "केरू, ओली शाडू दिव्यापुढे ठेवतात? वरून मलई फासलीस आणि आतली ओल तासाभरात ओढून काढलीस! अरे, सावलीत ठेवायची, अंगावर ओलं फडकं टाकायचं. ओल तिच्या चालीने जाते."

"जोडू काय, काका?"

"जोडून टिकायचा नाय तो. उतरव हात आणि नवा कर."

एवढं बोलून काका वळले, तर शेजारच्या दिव्यापुढे मान खाली घालून, ओले केस पसरून अपेक्षा बसलेली. काकांनी तो दिवा बंद केला.

अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षांत तिने एकही ओली मूर्ती दिव्यापुढे ठेवली नव्हती. देवाच्या मातीला जपणारी बाई स्वतःचं डोकं रोज भाजून काढत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती सातही डब्यांची पिशवी घेऊन पेणच्याच रामवाडीला सावनीच्या पार्लरमध्ये गेली. सावनीचे स्वतःचे केस कुरळे होते, आणि ते तिने लपवले नव्हते, म्हणून अपेक्षाचा तिच्यावर विश्वास बसला. कारखान्यातला एक सोडून बाकीचे डबे तिने सकाळी घरून जेवणाच्या डब्याखाली कोंबून आणले होते. सावनीने सगळे टेबलावर मांडले आणि चार बाजूला सारले.

"हा सौम्य शाम्पू, फक्त मुळांना, आठवड्यातून दोनदा. हे कंडिशनर केस निथळत असताना लावायचं, आणि रुंद दातांचा कंगवा तेव्हाच फिरवायचा, कोरड्यावर कधीच नाही. धुतल्यावर ओल्या केसांना हे जेल लावून मुठीत दाबायचं. पुसायचं नाही, मऊ सुती कापडात नुसतं टिपायचं, आणि सावलीत वाळू द्यायचं. बाकीचे कुणाला तरी देऊन टाका." मग तिने कात्री काढली. "आणि ताई, खालचे केस जळलेत. त्यांना काहीही लावलं तरी ते उठणार नाहीत."

उतरव हात आणि नवा कर, हे शब्द अपेक्षाच्या कानात अजून होतेच. तिने डोळे घट्ट मिटले. कमरेवर रुळणारे केस खांद्याशी येऊन थांबले.

घरी निशिगंधाने दारातच निकाल दिला. "आई, तू हरलीस."

"गौरी अजून यायच्यात," अपेक्षा म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. त्या रात्री ती खरंच घाबरली होती. आपले केस गेले त्याचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. पोरीला आपणच हाताला धरून पार्लरात न्यायचं, ह्या विचाराने तिला झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी केरूने मूर्तींवर टाकायच्या मऊ फडक्यांपैकी एक नवं, धुतलेलं फडकं तिच्यापुढे ठेवलं. "केसांना घे, ताय," एवढंच म्हणाला. माफी मागायची त्याची ही पद्धत.

मग श्रावण असाच गेला. जेल वाळलं की केस कडक व्हायचे. हर्षदने पहिल्यांदा हात लावला आणि दचकलाच. "प्लास्टर ओतलंस काय गो?" तिने मुठीत दाबून केस मोकळे केले तेव्हा मानेमागे एक छोटंसं वेटोळं सापडलं. आठवड्याने दोन, मग कानाशी चार. निशिगंधा दर रविवारी तपासणी करायची, बट ओढून सोडायची, परत वर उडी मारते का ते बघायची आणि दहापैकी गुण द्यायची. तीन. साडेचार. सहा. गौरीच्या आदल्या आठवड्यात साडेसहा.

"मग जमलं म्हणायचं?"

"टोकं अजून फुगतात," न्यायाधीश म्हणाली. आपल्या पोटची, पण लाच चालत नव्हती.

त्याच आठवड्यात कारखान्यात गौरीचे मुखवटे रंगवायला आले. डोळे तिचे, आणि केसही तीच रंगवायची: मधोमध भांग, दोन्हीकडे काळ्या रंगाचा सपाट हात, कानापाशी एक सरळ रेघ. वीस मुखवटे झाले आणि एकविसाव्याला तिचा हात थांबला. आपण बाईंवर एवढ्या चिडलो. पण बाईंनी दुसरी कुठली गौर पाहिली होती? बारा वर्षं सरळ केसांच्या गौरी पेण-रोह्याच्या घराघरांत आपणच तर पाठवल्या. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने पर्समधला छोटा आरसा रंगाच्या वाटीला टेकवून उभा केला. स्वतःच्या कपाळाकडे बघत, सगळ्यात बारीक कुंचल्याने, तिने गौरीच्या कपाळावर एक बट वळवली. मग दुसरी. मग कानापाशी तीन.

मागे काका उभे होते. "गिऱ्हाईकाला चालेल?"

"ही विकायची नाय, काका. घरी न्यायची हाय."

काकांनी मुखवटा उजेडाकडे धरून पाहिला. "मग विकायला अजून दोन कर," म्हणाले आणि रेडिओ बंद करायला गेले.

गौरी आल्या त्या दिवशी हर्षदने तेरडा आणला. अपेक्षाने रोपांची गौर उभी केली, तिला साडी नेसवली आणि मुखवटा बांधला. निशिगंधा ताट घेऊन ओवाळायला पुढे आली आणि तिची नजर गौरीच्या कपाळावरच्या कुरळ्या बटांवर गेली. मग ताट खाली ठेवून ती आत पळाली. परत आली तेव्हा रिबिनी सुटलेल्या होत्या आणि केस चारी दिशांना मोकळे.

"पैज तू जिंकली नायस हां," तिने आधीच बजावलं. "अजून साडेसहाच."

अपेक्षाने शब्द दिला होता. "मग कधी जायचं पार्लरला?"

निशिगंधाने ताट उचललं, गौरीला ओवाळलं, आणि आईला काहीच कसं कळत नाही अशा सुरात म्हणाली, "कशाला? गौर काय पार्लरला जाते?"