रोयणीवरची अळमी

गोव्यातल्या आमच्या मये गावात माणूस बायकोचं दुखणं चारचौघांत सांगेल, पण अळमी, म्हणजे रानातली अळंबी, कुठे उगवतात ते मरतानाही सांगणार नाही. आमचे यजमान या बाबतीत अर्क. घरामागे काजूखाली रोयण आहे, म्हणजे वाळवीचं वारूळ. वाळवी आत बुरशी पिकवते आणि पावसात तीच वर पांढरीशुभ्र अळमी होऊन येते. हे पहाटे टोपली घेऊन जात आणि येताना वर तेऱ्याची, म्हणजे रानअळवाची पानं पसरत. शेजारीण विचारायची, "भाऊ, अळमी गावलीं?"

"खंयचीं अळमीं गे! तेरें काढूक गेल्लों."

घरभर रश्श्याचा वास सुटलेला असायचा, तरी यांची पापणी हलत नसे.

बुरशी पिकवायला वाळवीला लाकूड लागतं. ते तिने आमच्याच घरातून न्यायला सुरुवात केली. आधी दाराची चौकट, मग देवघराची फळी. मी औषध मारायला बेळगावचा माणूस बोलावला. तो म्हणाला, "घराला मारतो वैनी, पण मूळ वारूळ कुठं आहे ते दाखवा." हे वाटेत आडवे. "मागे काही नाही, गवत आहे." त्याला चहा पाजून फाटकापर्यंत पोचवूनही आले. मग मला म्हणाले, "आज ताका दाखयलें की फाल्यां सगळ्या गावाक कळटलें. आनी रोयण म्हळ्यार सातेरी. देवीचेर वीख मारूं?" आमच्याकडे वारूळ हेच सातेरी देवीचं रूप; अळमी खुडताना मात्र यांनी देवीला कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

चवथीच्या आरतीला मी माझी पेटी काढली. आईने दिलेली. तिच्यावर मी सा लावायला शिकले, आणि लग्नात हट्टाने तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. वरून पॉलिश चकचकीत. भाता ओढला तर सूर नाही, माती आली. पट्टीवर बोट ठेवलं ते आतच गेलं. मी सगळ्यांसमोर मोठ्याने रडले.

"लाकूडच तें," हे म्हणाले. "दुसरी हाडूंया."

पुढच्या पावसात हे टोपली घेऊन गेले आणि रिकामी घेऊन आले. रोयणीवर नुसते बुडखे उरले होते.

"तिका कोणें सांगलें?" रश्श्याचा वास येत होता त्या शेजारणीच्या स्वयंपाकघराकडे बघत यांनी विचारलं.

"हांवें," मी म्हटलं.

यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. पेटी गेली तेव्हा त्यातलं थेंबभर आलं असतं, तर मी तोंड उघडलं नसतं.