मेंढ्यांवर घातलेला आळ

ते प्रकरण आठवलं की आजही माझ्या मुठी आवळतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण इतका संताप क्वचितच आला असेल.

मी तेव्हा कन्नड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना देवगाव रंगारीकडच्या एका गावातला तरुण शेतकरी मोटारसायकलवर आला.

"साहेब, लवकर चला. मेंढ्यांनी आमच्या गटाचा डोंगळा खाल्ला. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. लोकं मेंढक्याला लई मारायलेत."

डोंगळा म्हणजे बियाण्यासाठी राखलेला कांदा. त्या गावातल्या एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्यांनी गट केला होता. बी दुकानातून न घेता स्वतः धरायचं, खताच्या गोण्यांऐवजी मोकळ्या रानात मेंढ्या बसवायच्या आणि माल एकत्र शहरात न्यायचा, असं त्यांचं ठरलेलं. दर उन्हाळ्यात येणारा हा मेंढपाळ आळीपाळीनं सगळ्यांच्या रानात कळप बसवी आणि बदल्यात धान्य-चारा घेई. गटाची जमीन सुधारली ती त्याच्या मेंढ्यांमुळं. गटात मात्र त्याचं नाव नव्हतं.

स्टेशन डायरीला नोंद करून दोन शिपायांसह निघालो. मेंढपाळाला लिंबाच्या झाडाला बांधलं होतं. डोकं फुटलेलं, अंगरखा रक्तानं माखलेला. त्याची बायको त्याच्यापुढं आडवी उभी राहून चार काठ्या स्वतःच्या पाठीवर घेत होती. एक जण भरपाई म्हणून त्यांचा मेंढा ओढून नेत होता. मी जीपमधूनच ओरडलो, "सोडा त्याला! मेंढाही सोडा!" दोघा नवराबायकोला एका शिपायासोबत ग्रामीण रुग्णालयात पाठवलं आणि पंच बोलावून डोंगळ्याच्या रानात उतरलो.

उतरताच बूट चिखलात रुतले. आदल्या संध्याकाळी त्या रानाला पाणी दिलेलं होतं. दांड्यांवरचे बियांचे गोंडे गायब होते, पण दांडे विळ्यानं तिरपे, साफ कापलेले. चिखलात माणसाची पावलं होती. मेंढीचा एक खूर उमटलेला नव्हता, एक लेंडी पडलेली नव्हती. एवढा जमाव बांधावरून परस्पर मेंढवाड्याकडं धावला, माणूस बांधला, झोडपला. आणि एकानंही खाली वाकून पाहिलं नव्हतं! मी गटप्रमुखाला हाताला धरून रानात आणलं. तो पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं एका दांड्याच्या कापावरून बोट फिरवलं. "ह्यो तर विळा हाय, साहेब."

आता 'डोळ्यानं बघितलं' म्हणत खबर घेऊन आलेल्या तरुणाकडं वळणं भाग होतं. त्याला ठाण्यात आणून चहा दिला. घोकून आलेला माणूस मुख्य प्रश्नाला फटकन उत्तर देतो आणि किरकोळ प्रश्नाला अडखळतो, हा माझा अनुभव.

"मेंढ्या कुठून शिरल्या?"

"खालच्या अंगानं. अख्खा कळप व्हता साहेब."

"तू आत जाऊन हाकलल्या?"

"नाय. बांधावरूनच हाळी दिली."

"म्हणजे डोंगळ्याला हात लावला नाहीस?"

"हात कशाला लावू?"

"दाखव बरं हात."

तो गडबडला. दोन्ही तळव्यांवर हिरवट डाग होते आणि कच्च्या कांद्याचा उग्र वास येत होता. मी म्हणालो, "अख्खा कळप चिखलातून गेला आणि खूर उमटले नाहीत. तू बांधावर उभा होतास आणि हाताला वास येतोय. आता तूच सांग."

त्यानं तळवे विजारीला पुसले. मग म्हणाला, "दुकानदारानं बियाण्याची एजन्सी देतो म्हटलं व्हतं."

दुकानदार म्हणजे गावातला बी-खत विक्रेता. गट वाढला तसं त्याचं गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. एकाच घावात बियाणंही जाईल आणि पोलिसांत नाव गेलं की मेंढपाळही गाव सोडेल, हा त्याचा हिशेब. कापलेले गोंडे आणि विळा त्या तरुणानंच पंचांसमक्ष एका पडक्या विहिरीतून काढून दिले.

संध्याकाळी दुकानदार एका पुढाऱ्याला घेऊन आला आणि न विचारता खुर्चीत बसला. "साहेब, वाढवू नका. एका मेंढक्यापायी गाव कशाला नासवता?"

"उठा," मी म्हणालो. "तुम्हाला अटक केली आहे."

मारहाणीचा गुन्हा वेगळा दाखल केला. त्यावर गाव चिडलं. पण दुसऱ्या दिवशी गटप्रमुख स्वतः आला. "साहेब, माझाबी हात पडला त्याच्यावर. माझं नाव लिहा."

रुग्णालयात मेंढपाळानं जबाबावर अंगठा उठवला. बोलली ती त्याची बायको. "उन्हाळाभर ह्यांच्या रानात मेंढ्या बसवल्या. एकानं तरी इचारायचं व्हतं."

निकाल ऐकून माझं रक्त पुन्हा तापलं. कापणाऱ्याला शिक्षा झाली. कोर्टात त्यानं दुकानदाराचं नावच घेतलं नाही, दोघांचं बोलणं ऐकलेला साक्षीदार फिरला आणि दुकानदार सुटला. कायद्यापुढं मी काय करणार?

निकालाच्या आधीच, घटनेनंतरच्या उन्हाळ्यात मेंढपाळ आला नाही. मग गटप्रमुख चार सभासदांना घेऊन त्याच्या वाडीवर गेला, हात जोडले. बायकोनं सुनावलं, "नुसतं खत न्यायला आला असाल तर माघारी जा. आमचं नाव गटात घाला. बैठकीला बोलवा." दोघं नवराबायको सभासद झाले. पहिल्या बैठकीला गटप्रमुखानं मला मुद्दाम बोलावलं. ती बाई पुढच्या रांगेत बसली होती आणि बियाण्याच्या वाटपात मेंढपाळांचा वाटा किती, यावर तावातावानं भांडत होती. कुणी तिला गप्प बसवलं नाही.

गटावर बाहेरच्या माणसानं घाला घातला, असं गावकरी सांगत. मला ते पटत नाही. ज्याच्या जिवावर गट उभा होता त्यालाच परका ठेवलं होतं, म्हणून एक खोटी खबर पुरली. नंतर नव्या फौजदारांना मी एवढंच सांगत आलो: जमावानं धरलेला माणूस दिसला की आधी त्याचे दोर सोडा, त्याला पाणी द्या, आणि पहिला जबाब त्याचा घ्या.