दोन आटे जास्त

मुलीने तिचा लॉन्गबोर्ड, म्हणजे लांबट स्केटबोर्ड, वर्तमानपत्रावर उलटा ठेवला आहे. चाकं काढून, पुसून, आतली झिजलेली कड बाहेर येईल अशी उलटून ती पुन्हा लावते आहे. मी चहा घेऊन समोर बसलोय, पण माझं लक्ष चाकांकडे नाही, बुशाकडे आहे.

बुश म्हणजे रबरासारखी जाड कडी. आपण एका बाजूला झुकलो की ती दबते, म्हणून बोर्ड वळतो. हे मला आत्ता कळतंय. दोन महिन्यांपूर्वी मला तो बोर्ड नुसता डुगडुगताना दिसला होता. तिला न विचारता मी स्कूटरच्या डिकीतल्या पान्याने बुशावरचा नट दोन आटे जास्त आवळला. मला माया करायची तर एवढंच येतं, सैल दिसेल ते आवळायचं. गॅसचा नॉब, बरणीचं झाकण, पोरीचं घरी यायचं वेळापत्रक.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या उतारावर बोर्ड वळलाच नाही. मनगटाला प्लास्टर. "माझाच तोल गेला, बाबा," ती म्हणाली, आणि मी वर तिलाच चार शब्द सुनावले.

आता तो बुश तिच्या तळहातावर आहे. चेपलेला, कडेला चिरलेला. बराच वेळ ती तो निरखत राहिली. माझा चहा निवला.

मग तिने नवा बुश बसवला, नट बोटांनीच फिरवत आणला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"बाबा, पाना दे ना. तुझ्या डिकीतला."