चार वाजताचं मिनिट

चांदीप गाव सोडलं तेव्हा भाताची लावणी चालू होती. आई शेतातून तशीच आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि माझ्या नव्या ट्रॅकसूटला डाग लागू नये म्हणून चार पावलं लांब उभी राहिली. रिक्षावाला विरार स्टेशन गाठायची घाई करत होता. आईने आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. एवढंच म्हणाली, "पात संपल्याबिगर कंबर सरल नाय करायची, बाय." लावणीत आमच्याकडे तसा नियमच आहे. आपल्या वाट्याची पात, म्हणजे रोपांची ओळ, पुरी व्हायच्या आधी जी उभी राहील, तिची बाकीच्या बाया संध्याकाळपर्यंत टिंगल करतात. तो नियम घेऊन मी बॉक्सिंग शिकायला हरयाणाला गेले.

तुमच्यापैकी जे गावी राहिलेत त्यांना वाटतं, बॉक्सिंग म्हणजे मारामारी. तसं नाही. तीन मिनिटं लढायचं, एक मिनिट बसायचं. बेल झाली की कोपऱ्यात स्टूल येतं, त्यावर बसायचं, आणि त्या मिनिटात नाडी किती खाली येते त्यावर पुढचा राउंड ठरतो. मार किती खाल्ला ते नंतरचं. आधी विरारला फुलपाड्याच्या हॉलमध्ये शिकताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथे आमचा टायमर म्हणजे सरांचा मोबाईल, आणि त्यांना मधेच फोन आला की राउंड पाच मिनिटांचा व्हायचा.

इथे हरयाणात आल्यावर मी स्टुलावर बसायचेच नाही. पात संपली नाही, तर बसायचं कसलं? समोरची धापा टाकत बसलेली आणि मी ताठ उभी. कोचना सुरुवातीला भारी कौतुक. "देखो, महाराष्ट्र की लड़की बैठती नहीं," म्हणून बाकीच्यांना दाखवायचे. मग मला चेव आला. एकटी सराव करताना विश्रांतीचं मिनिट मी आपल्या मनाने अर्ध्यावर आणलं. वर्षभर अंगाने ऐकलं. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या राउंडला पाय जड व्हायला लागले, हात उचलायचं ठरवल्यावर तो जरा उशिराने उठायचा. छातीला पट्टा लावून मोजलं तेव्हा बेल झाली त्या क्षणी नाडी एकशे ऐंशी होती आणि मिनिटानंतर एकशे सत्तर. ती खाली यायचं विसरून गेली होती. पुढे पुढे तर जेवताना, कपडे धुताना, कुठल्याही बेलशिवाय तीन मिनिटं अशी धावायची, की समोर कुणीतरी मूठ उगारून उभं आहे असंच वाटे. मी मान वर करून बघायचे. समोर भिंत असायची.

कोचनी एक महिना दिला. घरी जा, आराम कर, आल्यावर पुन्हा मोजू, आणि आकडा उतरला नाही तर हॉस्टेलची खोली रिकामी कर, असं स्पष्ट सांगितलं. मी घाबरले होते. बॉक्सिंग सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

चांदीपला ओटीवर नुसती बसून राहायचे. दोन दिवस आईने पाहिलं आणि म्हणाली, "तू बसतेस, पन तुजं आंग बसत नाय." मग मी तिला सगळं सांगितलं, बेलचं, स्टुलाचं, पातीचंही. तिची बोटं मी माझ्या मनगटावर ठेवली. तिने हात झटकन मागे घेतला. हातात धरलेल्या कोंबडीचं काळीज उडतं तसं लागलं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तिने आतून पितळी ताट आणलं, त्यावर पळीने एकच ठोका दिला आणि माझ्या शेजारी बसली. कामाच्या मधेच बसलेली आई मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. साठ आकडे मोजायचा तिला कंटाळा, म्हणून ती माहेरच्या माणसांची नावं घ्यायची, असलेल्यांची आणि गेलेल्यांची, सावकाश. नावं संपली की दुसरा ठोका. रोज चारला हे चालायचं. पहिला आठवडा काही झालं नाही. आठव्या दिवशी तिच्या आजोबांच्या नावाशी माझी नाडी उतरायला लागली आणि दुसऱ्या ठोक्यापर्यंत पार खाली आली. मला रडू आलं.

निघताना आई म्हणाली, "मी देत जाईन ठोका. तू तितं बस."

आमचा सराव तीनला सुरू होतो, म्हणजे चारला आम्ही ऐन भरात असतो. चार वाजले की मी मुकाट्याने स्टुलावर बसायचे. आवाज कसला येणार? पण नाडी उतरायची, आणि तिच्यामागून बाकीची मिनिटंही वळणावर यायची. कोचनी मोजलं, मान हलवली, खोली माझ्याकडे राहिली. आता मीच इथे मुलींना शिकवते. कुणी उभी राहिली तर खांदा दाबून खाली बसवते. माझी नाडी अजूनही रोज चारला उतरते. अंगाला वेळेची सवय लागते, असं मी मुलींना सांगते. मागच्या महिन्यापर्यंत माझाही त्यावर विश्वास होता.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. माझ्या या थोरल्या भावाने विरारजवळ बोळिंजला फ्लॅट घेतलाय, आईला तिकडेच नेलंय. चांदीपचं घर पाडून टाकू का, तिथे आता आहे कोण, असं विचारत होता. मी हो म्हणणारच होते. त्याआधी आईशी बोलले आणि बोलता बोलता सहज विचारलं, फ्लॅटमध्ये रोज ताट वाजवतेस, शेजारचे कुरकुरत नाहीत का?

आई म्हणाली, "ताट तितंच राह्यलं, बाय. वर्स झालं. घराला कुलूप हाय."

पण वर्षभर माझी नाडी रोज उतरत होती. मी विचारलं, मग चार वाजता तू काय करतेस?

"बसते," आई म्हणाली. "ठोका आयकू येतो ना. मला वाटलं, तू तितून देतेस."

दादाला सांगितलं, घर राहू दे. आई जिथे तिथे घर, असं इतकी वर्षं साधं सरळ होतं. आता आई बोळिंजला, मी इथे, आणि त्या कुलूपबंद घरात रोज कुणीतरी आम्हा दोघींना मिनिटभर बसवतं. ते कोण, हे मला जाणून घ्यायचं नाही. मला त्याची भीती वाटते, आणि दुपार झाली की मी चार वाजायची वाटही बघते. तुमच्यापैकी कुणी त्या वेळी आमच्या दारावरून जात असाल तर आत हाक मारू नका. मिनिटभराचा तर प्रश्न आहे.